हरणाबाईचं मातीचं लेकरू

नळदुर्ग,
२० सप्टेंबर १९६१

आदरणीय डॉक्टर गिरिजाबाईंना नर्स ताहेराबीचा सलाम.

पुण्याहून टाकलेलं तुमचं कार्ड मिळालं. पायावरची सूज उतरली हे वाचून जीव भांड्यात पडला. सातवा म्हणजे जपायचा महिना. माझं शिक्षण उर्दू शाळेत झालं, मराठी मागाहून आली, म्हणून शुद्धलेखनाकडं काणाडोळा करा.

जाताना तुम्ही बजावलं होतं की मातीचा तास बंद पडू द्यायचा नाही. पडलेला नाही. शिवलिंग कुंभार बोरी नदीची माती गाढवावर घालून आणतो. आपल्या मनोरुग्णालयाचे व्यवस्थापक सिद्धलिंगअप्पा रोज कुरकुरतात, "बाया इथं बऱ्या व्हायला आल्यात का चिखलात खेळायला?" मी तुमचं उत्तर दिलं, की जे तोंडानं सांगता येत नाही ते बोटं सांगतात. तर म्हणाले, "मग गोळ्या बी बोटांनाच द्या." मी हसले आणि पुढं गेले.

नागूबाई अजून नुसते गोळे वळते आणि ओळीनं मांडते. काही विचारलं तर किंचाळते. तेव्हा विचारत नाही. हे काय, ते कोण, असं आपण विचारायचं नाही. आणि बाईनं केलेलं तिच्याशिवाय कुणी मोडायचं नाही. तुमचे दोन्ही नियम पाळते आहे.

हरणाबाईचे कागद इथंच राहिले, म्हणून तिची हकिकत परत लिहून मागवलीत. ती ईटकडच्या बिरदेव धनगराची बायको. तीन वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन फिरताना त्यांचा तळ मुरुमच्या शिवारात पडला होता. ही तापानं बेशुद्ध, अंगावरची सहा महिन्यांची पोर तिच्याच तापात गेली. नवऱ्यानं पहाटे पोरीला मूठमाती दिली आणि तळ हलवला. ही शुद्धीवर आली ती दुसऱ्याच गावात. पोर गेली हे तिनं मानलं नाही. मग दर रानात थांबून हाका मारायची, लोकांची लेकरं उचलून तोंड बघायची. शेवटी दिरानं इथं आणून सोडलं. नवरा एकदाही आलेला नाही.

तुम्ही असेपर्यंत ती मातीचा गोळा मांडीवर घेऊन नुसती बसायची. बाई, गेल्या आठवड्यात तिनं लेकरू केलं. तान्हं, पाठीवर निजलेलं. हात, पाय, बेंबी, सगळं. फक्त तोंडाच्या जागी काही नाही. गुळगुळीत.

तुम्हाला आनंद होईल म्हणून लिहिलं.

तुमची,
ताहेराबी


नळदुर्ग,
१४ ऑक्टोबर १९६१

आदरणीय बाई,

हरणाबाईचं मूल आता बसतं.

म्हणजे तिनं बसवलं. रोज सकाळी ओलं पोतं बाजूला करते, थोडी माती लावते, चोळते, पुन्हा झाकते. पाय लांबले, मान धरली. मांडीला वळी होती ती पुसली. डोक्याला मेंढीची लोकर लावलीय, कुठून आणली देव जाणे. तिच्या हिशेबानं पोर वाढते आहे; आज असती तर साडेतीन वर्षांची असती, तेवढी होईपर्यंत ती थांबणार नाही असं दिसतं.

तुम्हाला वाटेल वॉर्डात गोंधळ असेल. उलट आहे. भर दुपारी बाहेर हायवेला ट्रक भोंगे मारत जातात आणि आत सोळा बाया असून चिडीचूप. नागूबाईसुद्धा. परवा माझ्या हातून तांब्या पडला तर ती ओठावर बोट ठेवून म्हणाली, "हळू. पोर निजलीया." दाखल झाल्यापासून तिच्या तोंडचं हे पहिलं धड वाक्य. मला बरं वाटायला हवं होतं.

एक गोष्ट लिहू का नको असं झालंय. स्वयंपाकाच्या बेगमबीला पिठाच्या परातीत लहान तळहाताचा ठसा दिसला. पाचही बोटं. मी म्हटलं, कुणीतरी मातीचा हात दाबला असेल. ती म्हणाली, "मातीचा हात असता तर पिठाला माती लागली असती. पीठ साफ होतं." हरणाबाई तेव्हा माझ्यासमोर होती, मी तिची वेणी घालत होते.

बायकांच्या गप्पा आहेत. मनावर घेऊ नका. बेगमबी आठ दिवस माहेरी गेलीय.

ताहेराबी


नळदुर्ग,
३ नोव्हेंबर १९६१

आदरणीय बाई,

इकडं सगळं ठीक आहे. बेगमबी परत आली. हरणाबाईला हिवताप झाला होता, उतरला.

तुम्ही विचारलंत, मूल अजून आहे का? आहे. एवढ्यापुरता नियम बाजूला ठेवून, चेहरा का नाही, हे तिला अलगद विचारून बघ, असंही लिहिलंत. विचारीन. पण बाई, तुमचे दिवस भरत आलेत, हे विषय आता डोक्यात घेऊ नका. मेथीचे लाडू खा, झोपा. जास्त लिहीत नाही.

ताहेराबी


नळदुर्ग,
२८ नोव्हेंबर १९६१

आदरणीय बाई,

लाख लाख मुबारक! मुलगा झाला, दोघंही सुखरूप, हे कार्ड मी तीनदा वाचलं. वॉर्डात सगळ्यांना गूळ वाटला.

आता तुम्हाला खरं लिहिते. मागच्या पत्रात 'सगळं ठीक' लिहिलं ते खरं नव्हतं. पोटुशा बाईला असलं कसं कळवायचं, म्हणून गिळून बसले होते.

हरणाबाई तापात होती तेव्हा चार दिवस खाटेवरून उठली नाही. मूल पाय पसरून बसलेलं, पोत्याखाली. माती वाळून तडकू नये म्हणून पोतं मी भिजवत होते. चौथ्या दिवशी पोतं काढलं तर एक गुडघा वाकलेला. तळवा जमिनीला टेकलेला. लेकरू उठायला बघतं ना, तसं. मातीला कुठं तडा नाही. मी सगळ्यांना विचारलं. कुणी हात लावला नव्हता.

दिवाळीनंतर ट्रस्टची मंडळी पाहणीला यायची होती. सिद्धलिंगअप्पा म्हणाले, "ते मातीचं भूत नदीत टाका. पाहुण्यांना काय दाखवायचं?" त्यांचाही दोष नाही, माणूस घाबरलेला होता, ओसरीवरून जाताना त्या बाजूला बघायचा नाही. मी होय म्हटलं आणि हरणाबाईला घेऊन ते मूल माझ्या खोलीत नेऊन ठेवलं. दोघींना जेमतेम उचलेल इतकं जड झालं होतं.

पाहुणे दोन दिवसांत गेले. मूल मी लगेच परत द्यायला हवं होतं. दिलं नाही.

बाई, मी दुपारची खोलीत पडायला जायचे आणि त्याच्याशी बोलायचे. आधी पोतं भिजवताना दोन शब्द. मग बसून. माझे शोहर जलील अठ्ठेचाळीस साली हैदराबादला जातो म्हणून निघाले ते आलेच नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. मेले म्हणावं तर कबर पाहिली नाही. आहेत म्हणावं तर तेरा वर्षं झाली. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नव्हते. त्याला सगळं सांगितलं. तोंड नसलेल्याला सांगणं सोपं जातं. एके दिवशी बघते तर माझ्या हातात सुई. जुन्या साडीचं झबलं शिवून तयार होतं. कधी कापलं, कधी शिवायला घेतलं, नीट आठवेना.

तेवढ्यात दारात हरणाबाई. रागावली नाही. झबल्याकडं बघून म्हणाली,

"तायराबाई, तिला तुमची सवं लागंल. मग माज्याकडं यायची न्हाय."

मी म्हटलं, "हरणाबाई, ती माती आहे."

"व्हय की," ती म्हणाली. "माती हाय म्हनून तर हाताला लागतीया."

आम्ही दोघींनी मूल परत ओसरीवर नेलं, खांबाला टेकून उभं केलं. आता ते उभंच राहतं. तेव्हा मी गुडघ्याचं विचारलं. "तू तापात होतीस, मग कुणी वाकवला?"

तिनं माझ्याकडं नवलानं बघितलं. "तुमीच न्हाय का? म्या खाटेवरनं बगत व्हते. तुमी तिला हाताला धरून हुबं करीत व्हता."

खुदाची कसम, मला यातलं काही आठवत नाही.

मग तुमच्या सांगण्याप्रमाणं चेहऱ्याचं विचारलं. ती बराच वेळ माती मळत राहिली. "सा म्हयन्याचं तोंड म्या बगितलंया. आताचं कसं आसंल? आन् शेवटचं तर म्या बगितलंच न्हाय. त्येनं बगितलं."

म्हणून ईटच्या शाळेच्या गुरुजींना पत्र घातलंय, की बिरदेवला बाजूला घेऊन वाचून दाखवा: तुमच्या पोरीचं तोंड कसं होतं, ते येऊन हरणाबाईला सांगा. अजून उत्तर नाही.

मला रजा हवी का, असं विचारू नका. मी आता खोलीत एकटी पडत नाही. बेगमबीच्या शेजारी पडते.

ताहेराबी


नळदुर्ग,
१९ डिसेंबर १९६१

आदरणीय बाई,

बिरदेव आला.

मेंढरं किल्ल्याच्या अंगाला बसवून तो भर दुपारी आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, उंच वाळका माणूस. फाटकातच मला म्हणाला, "अंगठा पायजे तिचा. भावानं काडीमोडीचा कागद केलाया."

"आमचं पत्र मिळालं का?" मी विचारलं.

"गुरुजीनं वाचलं," एवढंच म्हणाला. खाली बघून.

मला राग आला होता. मी त्याला सरळ ओसरीकडं नेलं. बाया भिंतीला लागून बसल्या होत्या. खांबाशी मूल उभं होतं, पाठमोरं, अंगात मी शिवलेलं झबलं, डोक्याला लोकर. तो थबकला.

"ही कुनाची पोर?"

तो वळसा घालून पुढून बघायला गेला आणि तिथून दोन पावलं मागं सरला. काठी हातातून पडली. सोळाच्या सोळा बाया त्याच्याकडं बघत होत्या.

हरणाबाई उठली. जणू तो सकाळी रानात जाऊन आता परतला होता, अशी म्हणाली, "बसा. पानी घ्या." त्याचं पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "सगळी झालीया. तोंड तेवढं ऱ्हायलं. ते तुमी बगितलंया."

"मला न्हाय याद."

"हाय."

"हरणे, मला घरला जाऊ दे."

तिनं त्याचा हात धरला, तळहात वर केला आणि त्यावर ओली माती ठेवली. त्यानं ती मुठीत धरली. मग मुलासमोर उकिडवा बसला. जाड, भेगाळलेली बोटं. त्यानं कपाळापासून सुरुवात केली.

"कपाळ बारकं व्हतं," तो म्हणाला. तिला नाही, मातीला सांगितल्यासारखं. "नाक तुज्या आईवानी. हनवटीला खळी."

"व्हय. खळी व्हती."

"खालचा व्हट जरा आत."

"दूध पिताना तसाच ऱ्हायाचा." ती त्याच्या अगदी जवळ सरकली होती. "डोळं?"

"मिटल्यालं."

"कुनी मिटलं?"

"म्या."

त्याचे दोन्ही अंगठे डोळ्यांच्या जागी थांबले. मग त्यानं पापण्या ओढून खाली आणल्या, इतक्या हलक्या हातानं, की मी दुसरीकडं बघितलं.

"रडली का लई?"

"न्हाय. पहाटं हुंकारली, मग गप झाली."

"गार पडली आसंल."

"माज्या घोंगडीत गुंडाळली. त्या हिवाळ्यात म्या बिगरघोंगडीचा ऱ्हायलो. भावानं इचारलं, घोंगडी कुटं? म्हनलं, हरवली."

तो बाजूला झाला. बाई, त्यानं जे तोंड केलं होतं ते सहा महिन्यांच्या तान्ह्याचं होतं. त्याला तेवढंच ठाऊक होतं. साडेतीन वर्षांच्या उभ्या पोरीच्या धडावर मूठभर, मिटल्या डोळ्यांचं तान्हं तोंड. मी या घरात पुष्कळ काही पाहिलंय, पण तेवढी भीती मला कधी वाटली नव्हती. बेगमबी कलमा पुटपुटायला लागली.

हरणाबाईनं मात्र बघितलं. नीट, अगदी पोटभर बघितलं.

"हीच," ती म्हणाली.

मग तिनं झबलं काढलं, घडी करून माझ्या हातात दिलं. मुलाला आडवं निजवलं. आणि पायाची माती काढायला लागली.

मी पुढं झाले. मला वाटलं मोडते आहे. ती मोडत नव्हती. ओंजळ ओंजळ माती बाजूला ठेवत होती. लांबलेल्या पोटऱ्या उतरवल्या. मांडीला परत वळी पाडली. हात आखूड केले, बोटं मिटून मुठी केल्या. लोकर काढली, टाळू थापटून गोल केली. महिनोन्महिने जे चढवलं होतं ते सगळं तिनं त्या एका दुपारी उतरवलं. एका बाजूला मातीचा हा ढीग, आणि तिच्या मांडीवर तिच्या कोपरापासून बोटांपर्यंत मावेल एवढं तान्हं लेकरू.

"एवढुशीच व्हती ओ," ती नवऱ्याला म्हणाली. "एवढुशीच व्हती की."

आणि रडली. आल्यापासून पहिल्यांदा. मोठ्यानं, गळा काढून, जशी बाई रडते तशी. बिरदेवनं घोंगडीत तोंड खुपसलं. नागूबाई रडत होती, बेगमबी रडत होती. माझंही काही वेगळं नव्हतं. आवाज ऐकून सिद्धलिंगअप्पा धावत आले आणि ओसरीच्या पायरीवर टोपी काढून उभे राहिले.

रडं ओसरल्यावर हरणाबाईनं विचारलं, "कुटं ठिवली? मला दावा."

अंगठ्याची गोष्ट त्यानं परत काढली नाही.

ताहेराबी


नळदुर्ग,
२३ डिसेंबर १९६१

आदरणीय बाई,

हे पत्र तुम्ही नीट वाचा, कारण शेवटी तुम्हाला एक निवाडा करायचा आहे.

बिरदेवनं मेंढरं भावाच्या स्वाधीन केली आणि आम्ही तिघं एस.टी.नं मुरुमला निघालो. सिद्धलिंगअप्पांनी स्वतः परवानगीची चिठ्ठी दिली, वर म्हणाले, "ताहेराबी, संध्याकाळी तिला घेऊन या म्हणजे झालं." हरणाबाईच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं लेकरू. कंडक्टरनं वाकून बघितलं आणि म्हणाला, "चांगलं झाकून घ्या, खिडकीचं वारं लागतंय." ती घोंगडी सारखी करून म्हणाली, "व्हय."

शिवार सापडलं. जागा सापडेना. त्याच्या आठवणीत बांधाला बाभूळ होती, बाभूळ तुटलेली. तेव्हा रान मोकळं होतं. आता कंबरेच्या वर ज्वारी. तो बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, ज्वारीत शिरला, बाहेर आला. पानं सळसळायची आणि तो दिसेनासा व्हायचा. मग आतून त्याचा आवाज आला, लहान मुलासारखा. "घावंना गं. हरणे, घावंना."

मला वाटलं, आता ही परत हाका मारायला लागणार. या शिवारातून त्या शिवारात, पहिल्यासारखी.

तिनं हाक मारली ती त्याला. "या भाईर. ह्याच रानात हाय न्हवं?"

"ह्याच."

"मग झालं तर."

शेताचा मालक वाफ्याकडून आला, बिराप्पा नावाचा म्हातारा. आमच्याकडं, त्या घोंगडीकडं बघून त्यानं काय ते ओळखलं असावं. विचारलं काहीच नाही. खुरपं आणून दिलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. बांधाशी बिरदेवनं खड्डा केला. हरणाबाईनं लेकरू आत ठेवलं. घोंगडीसुद्धा ठेवत होती. मग थांबली, ती काढून तिनं नवऱ्याच्या खांद्यावर टाकली. "ह्या हिवाळ्यात पांगरा," म्हणाली. वरून माती दोघांनी लोटली.

मी माझ्या पद्धतीनं दुवा मागितली. कुणासाठी मागितली ते माझं मला माहीत.

उन्हं कलायला लागली. एस.टी.ची वेळ झाली होती. बिरदेव मला म्हणाला, "बाई, हिला नेऊ का?" मी हरणाबाईकडं बघितलं. ती बांधावर बसली होती. डोळे सुजलेले, पण डोळ्यांत ती स्वतः होती. तुम्ही म्हणायचात ना, रुग्ण बरा झाला की नाही हे कागदात बघू नका, तोंडाकडं बघा. मी बघितलं.

"पोराबाळांच्या वस्तीवरून जाताना काय करशील?" मी विचारलं.

"बगीन," ती म्हणाली. "आन् फुडं जाईन."

"आणि आठवण झाली तर?"

"व्हईलच की. तवा रडीन. आता रडायला येतंया."

बाई, मी तिला जाऊ दिलं. डॉक्टरांच्या सहीशिवाय, अप्पांना न विचारता. रजिस्टरात एवढंच लिहिलंय: नवऱ्यासोबत गेली. हे बरोबर झालं की चूक, ते तुम्ही ठरवा. नोकरी गेली तरी माझी तक्रार नाही.

निघताना तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले होते. शेजारी विहीर होती, पोहरा होता. मी म्हटलं, "हरणाबाई, हात तरी धुऊन जा."

तिनं हात उलटेपालटे करून बघितले.

"ऱ्हाऊ द्या, तायराबाई," ती म्हणाली. "वाळली की आपूआप झडंल."

तुमची,
ताहेराबी